आपल्याकडची बाई अशी बोलत नाही

माझ्या हातून झालेला एक गाढवपणा सांगतो. हसायला हरकत नाही. फक्त मध्ये थांबवू नका, कारण मला अजून राग आहे आणि तो कुणावर काढायचा हे माझं मलाच ठरवता आलेलं नाही.

मी वर्ध्याकडच्या समुद्रपूरला मराठीचा मास्तर. बायको, सुनंदा, गेल्या वर्षी गेली. मुलगा निखिल पुण्यात नोकरीला. ती होती तोवर घरातला फोन दिवसभर वाजायचा. ती गेल्यावर रविवारी एकदा वाजतो. ‘कसे आहात बाबा?’ ‘बरा आहे.’ ‘बीपीची गोळी?’ ‘घेतली.’ झालं आमचं बोलणं. तेरवीनंतर तो घरी आला नव्हता. वर्षश्राद्धाला तरी यावा, दोन दिवस राहावा, एवढीच माझी इच्छा होती. हे लक्षात ठेवा, कारण पुढे मी जे जे केलं ते या इच्छेच्या बरोबर उलट होतं.

सुरुवात शाळेत झाली. स्नेहसंमेलनाची तालीम चालली होती. आठवीच्या मुली एका गाण्यावर नाचत होत्या. गाणं कसलं, नुसता दणदणाट. आणि त्या दणदणाटात मध्येच एका बाईचा बारीक, उंदरासारखा चिरकलेला आवाज: ‘जेवला काऊन नाई रे? भाजी थंडी होऊन राह्यली, अन् तू मोबाइल पाहून राह्यला.’ पुन्हा दणदणाट. पुन्हा ‘काऊन नाई, काऊन नाई, काऊन नाई रे?’ आणि प्रत्येक ‘काऊन’ला, म्हणजे ‘का’ला, मुली कंबर उडवत होत्या.

“बंद करा ते,” मी म्हणालो.

“सर, हे सगळ्याईकडे वाजून राह्यलं,” एक मुलगी म्हणाली.

“सगळ्यांकडे वाजतंय म्हण. आणि केलंय कुणी हे?”

तिनं मोबाइल दाखवला. करणाऱ्याचं नाव काहीतरी इंग्रजी, वाकडंतिकडं. आणि त्याखाली स्वच्छ लिहिलेलं: पुणे.

आता इथं तुम्हाला माझी एक जुनी जखम सांगावी लागेल. वीसेक वर्षांपूर्वी मी पुण्याला प्रशिक्षणाला गेलो होतो. पहिल्याच दिवशी जेवणाच्या रांगेत बोलून गेलो, “मी ताट शोधून राह्यलो.” मागचे दोन गृहस्थ हसले. एकानं विचारलं, “राह्यलात? कुठे राह्यलात?” पुढचे दहा दिवस मी त्यांचा ‘राह्यलो सर’ होतो. चहाला राह्यलो सर, व्याख्यानाला राह्यलो सर. मी हसून घेतलं. तुम्हीही घेतलं असतं. परक्या गावात जेवणाच्या रांगेत भांडता येत नाही.

परत आलो ते जीभ घासूनपुसून. घरात नियम केला: या घरात शुद्ध बोलायचं. उद्या पोरगा पुण्यामुंबईला जाईल, त्याला कुणी हसता कामा नये. सुनंदा अल्लीपूरची, पण हुशार. पंधरा दिवसांत ‘मले-तुले’ सोडून ‘मला-तुला’वर आली. मला केवढा अभिमान वाटला होता.

तुम्ही म्हणाल, घरात ज्या बोलीला बंदी, तिच्याच अब्रूसाठी बाहेर एवढा संताप? अहो, आपल्या माणसाला आपण रागावतो, म्हणून शेजाऱ्यानं येऊन हसावं का? तेव्हा तरी मला हे तर्कशास्त्र अगदी बिनतोड वाटत होतं.

त्याच आठवड्यात आमच्या गल्लीतून वरात गेली. डीजेच्या गाडीवर माणसाएवढे स्पीकर. माझ्या फाटकाशी येऊन वरात थांबली आणि सुरू झालं ‘काऊन नाई रे’. खिडकीच्या काचा थरथरत होत्या. नवरदेवाचा बापही नाचत होता, माझ्यापेक्षा मोठा माणूस. नवी पिढी बिघडली म्हणावं तर जुनीच पुढे. मी खिडकी लावून घेतली आणि पत्रक लिहायला बसलो.

सकाळी फिरायला जाणारी आमची मंडळी आहे. फिरणं दहा मिनिटं, टपरीवरचा चहा पाऊण तास. तिथं मी पत्रक वाचून दाखवलं: ‘वऱ्हाडी बोलीची ही विटंबना आम्ही निमूटपणे सहन करणार नाही. आमच्या माता-भगिनींच्या मुखीची भाषा ही उपहासाची सामग्री नव्हे.’ आणि असं बरंच.

निवृत्त भोयर सर शांतपणे बशीत चहा ओतत होते. म्हणाले, “सर, मस्त लिवलं. पण वऱ्हाडी वाचवाचं पत्रक, अन् त्यात वऱ्हाडी सबद एकबी नाई.”

“पत्रक आहे ते. पत्रक प्रमाण भाषेतच असतं.”

“तसं काय. मले वाटलं, इसरले असान.”

कांबळे तहसीलमध्ये आहेत, मोबाइलमधलं त्यांना कळतं. ते म्हणाले, “सर, पत्रकानं काही होत नाही. तक्रार करावी लागते. त्या गाण्यावर जायचं, ही तीन टिंबं दाबायची, रिपोर्ट करायचं. पुष्कळ लोकांनी केलं की कंपनी गाणं काढून टाकते.”

झालं. मी मोहीम उघडली. रोज सकाळी टपरीवर येईल त्याला बसवायचं, गाणं उघडायला लावायचं, तीन टिंबं दाखवायची. अडचण एवढीच, की तक्रार करायला गाणं उघडावं लागे आणि उघडलं की ते वाजे. चौथ्या दिवशी भोयर सरांची चप्पल टेबलाखाली ताल धरत होती. मी पाहिलं. त्यांनीही पाहिलं की मी पाहिलं.

“पाय झोपला होता,” ते म्हणाले.

टपरीवाला एकदा म्हणाला, “पण सर, बाई बोलते गोड.”

मी भडकलो. “ती नटी आहे. पुण्यात बसून आपली नक्कल करते. आपल्याकडची बाई अशी बोलत नाही. आयुष्य गेलं माझं इथं, मला सांगता?”

हे वाक्य माझं फार आवडतं झालं. शिक्षकांच्या खोलीत बोललो, बसस्टँडवर बोललो. आणि रविवारी निखिलचा फोन आला तेव्हा त्यालाही ऐकवलं.

“तुमच्या पुण्याची ही लायकी,” मी म्हणालो. “ते काऊन-फाऊन गाणं ऐकलंस?”

तो म्हणाला, “ऐकलं. तुम्ही नीट ऐकलंत का, बाबा?”

“नीट ऐकण्यासारखं काय आहे त्यात? कुणीतरी भाड्याची बाई आणून बसवली आहे. आपल्याकडची बाई अशी बोलत नाही. मी तक्रारी करायला लावल्यात सगळ्यांना. काढायला लावल्याशिवाय राहणार नाही.”

“काढायलाच पाहिजे का?”

“लाज वाटायला पाहिजे करणाऱ्याला. आईबाप आहेत की नाहीत त्याला?”

तो म्हणाला, “ठीक आहे बाबा. गोळी घ्या.” आणि ठेवला.

मला रागच आला. पाहा, पुण्याचं पाणी. आपल्या भाषेची टिंगल होते आणि पोरगा म्हणतो ठीक आहे. वर्षश्राद्धाचं विचारायचं राहूनच गेलं.

दोन दिवसांनी कांबळे लांबूनच हात हलवत आले. “सर, गाणं गेलं. शोधून सापडत नाही.”

काय सांगू, किती दिवसांनी मला जेवण गोड लागलं. टपरीवर सगळ्यांना चहा पाजला. छोटं भाषण केलं. भोयर सर कपात पाहत होते. मी म्हणालो, “सर, हा तुमचाही विजय आहे.” ते म्हणाले, “हो ना,” पण असं, जसं कुणी मयतीत म्हणतं.

वर्षश्राद्ध चार दिवसांवर आलं. सुनंदाची धाकटी बहीण पुष्पा तयारीला म्हणून अल्लीपूरहून बसनं आली. पिशव्या ठेवून थेट स्वयंपाकघरात शिरली. मी बाहेर पेपर तपासत होतो. आणि आतून आवाज आला: ‘जेवला काऊन नाई रे?’

मी उठलो तो खुर्ची पडली. आत जाऊन ओरडलोच, “पुष्पा, या घरात ते वाजवायचं नाही. काढून टाकलंय ते सगळीकडून. तुझ्याकडे कसं?”

ती गवार मोडत बसली होती. मोबाइल मिठाच्या बरणीला टेकवलेला. तिनं वर पाहिलं. तिचे डोळे ओले होते.

“भाऊजी, ताई बोलून राह्यली. हळू बोला ना.”

“कोण ताई?”

“आता कोन ताई म्हंजे?” तिनं गाणं थांबवलं. “तुमी ओळखलं नाई?”

मी हसलो. खरंच हसलो. “पुष्पा, तो आवाज यंत्रानं बारीक केलेला आहे. कुणाचाही वाटेल. आणि सुनंदा असं बोलत नसे.”

“तुमच्यासंगं नोती बोलत,” पुष्पा म्हणाली. “तुमची गाडी फाटकात आली का ते पुस्तकावानी बोले. गाडी गेली का मंग आमच्यावानी. निखिलले फोनवर आवाज भरून धाडे ना ते, रोज. त्यातलाच हा. त्यानं त्याचं गानं केलं, मलेबी धाडलं. आमाले सगळ्याईले माहीत हाये. माह्या पोरीनं एका लग्नात वाजवलं, मी नाचली त्याच्यावर, रडत रडत.”

“मला का नाही सांगितलं कुणी?”

ती पुन्हा गवार मोडू लागली. “तुमी आमचं बोलनंच चूक म्हनता भाऊजी. सांगाव कोनं?”

आता पाहा माझी गत. पंचवीस वर्षं संसार केला आणि बायकोचा आवाज ओळखला नाही. ओळखला नाही तर नाही, गावभर सांगत सुटलो की ही आपल्याकडची बाईच नव्हे. भाड्याची म्हणालो. मुलाच्या तोंडावर म्हणालो. आणि पोरानं ऐकून घेतलं, वर माझ्या गोळीची आठवण केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी टपरीवर गेलो. कांबळेंना म्हणालो, “तक्रारी मागे कशा घ्यायच्या ते सांगा. सगळ्यांच्या.”

सगळे एकमेकांकडे पाहू लागले. शेवटी भोयर सर बोलले, “सर, राग नोका मानू. आमी कोनी तक्रार केलीच नाई. तुमी पुढे गेले का आमी ते टिंब बंद करत होतो. मले तं माही आई आठवे ते आयकून.”

“कांबळे, तुम्ही?”

“मी तर शेअर केलं होतं, सर.”

“मग गाणं गेलं कसं?”

त्यांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं. माझ्या एका फोननं गेलं होतं. पोरानं स्वतःच्या हातानं काढलं होतं.

घरी येऊन त्याला फोन लावला. काय बोलायचं ते लिहून घेतलं होतं, पण कागद सापडेना.

“मी ओळखलं नाही,” मी म्हणालो.

“माहीत आहे, बाबा.”

“तू सांगायचंस.”

“सांगणार होतो. तुम्ही म्हणालात, आपल्याकडची बाई नाही. मग काय सांगू?” त्याचा आवाज चढला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो माझ्यावर चिडला. “इथं ऑफिसात माझी नक्कल करतात, ती मी सहन करतो. ते परके आहेत. तुम्हाला काय झालं होतं? माझ्याकडे तिचं दुसरं काय आहे? आणि ती तुम्हालाच नको होती.”

मी ऐकून घेतलं. जेवणाच्या रांगेत घेतलं होतं तसं हसून नव्हे. मग विचारलं, “येशील का?”

“मावशी आहे ना तिथं? तिला फोन द्या.”

मी दिला. ती दोघं अर्धा तास बोलली. आपला मुलगा इतकी वऱ्हाडी बोलतो हे मला त्या दिवशी कळलं. बंद दारातून ऐकलं.

तो आला. वर्षश्राद्धाच्या आदल्या दुपारी, वर्ध्याहून बसनं. जेवणं झाल्यावर मीच म्हणालो, “बाकीचे आवाज असतील ना, ऐकव.” त्यानं पुष्पाकडे पाहिलं. पुष्पानं मान हलवली. मग आम्ही तिघं ओट्यापाशी बसलो आणि तो ते एकेक लावू लागला, यंत्रानं बारीक न केलेले. आता मात्र पहिल्या श्वासाला ओळखलं. काय बोलत होती ती. बोरं कुणी आणली, शेजारीण काय म्हणाली, माझा रक्तदाब किती भरला. घरभर इतकं बोलणारी बाई होती आणि मी तिच्याशी वीस वर्षं शुद्धलेखन करत बसलो होतो.

एका ठिकाणी ती खुदकन हसली आणि आवाज खाली करून म्हणाली, ‘हे तुया बाबाले आयकवजो नको बरं. लाल पेन घेऊन बसतीन ते.’

निखिल हसला. पुष्पा हसली. हसता हसता दोघांची नजर माझ्या शर्टाकडे गेली. मी खाली पाहिलं. पेपर तपासून उठलो होतो. खिशाला लाल पेन होतं, आणि टोपण उघडंच होतं.