आमची नाली आणि पलीकडचा उमेदवार

मंडळी, आज सकाळी इकडे हिंदी मुलखात, तात्यापारा वस्तीतल्या आमच्या घरी विधानसभेचे एक उमेदवार दहा कार्यकर्ते घेऊन प्रचाराला आले.

आल्या आल्या सासूबाईंच्या पाया पडले. "माताजी, आशीर्वाद दीजिए." सासूबाईंनी सगळ्यांना पोहे दिले आणि दारासमोरची उघडी नाली दाखवली. मागच्या महिन्यात तिच्यात माझी स्कूटी गेली होती, माझ्यासकट.

"शाम तक ढक्कन लग जाएगा, माताजी," म्हणत त्यांनी तिथूनच ठेकेदाराला फोन लावला.

तेवढ्यात मतदारयादी चाळणारा कार्यकर्ता त्यांच्या कानाशी लागला. आमची गल्ली त्यांच्या मतदारसंघात नव्हतीच. त्यांची हद्द कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापाशी संपते. साहेब अर्धे पोहे टाकून उठले. जाताना पाया पडायचं राहूनच गेलं.

मी सासूबाईंना विचारलं, "तुम्हाले माहीत होतं?"

"हव. आपला आमदार पाच वर्षांपासून सांगून राहिला, तुमची नाली पलीकडच्या मतदारसंघात येते म्हणून. म्हटलं, पलीकडच्याले विचारून पाहू."

गडबडीत फोनवर सांगितलेलं काम रद्द करायचं राहिलं असावं. संध्याकाळी सिमेंटचं झाकण आलं आणि बसलंही.

आता सासूबाई म्हणतात, मत त्यालेच देईन. त्याचं नाव आपल्या मशीनवर नसणार, हे मी तीनदा समजावलं.

"काहून? काम त्यानं करायचं अन् मत दुसऱ्याले, हा कोणता कायदा?"

कोणाकडे उत्तर असेल तर खाली लिहा. मी त्यांना वाचून दाखवते.