खांदा की कोपर

बस्त्याव गेल्याची बातमी मला कचेरीत कळली, आणि तीही टोपणनावाने. भुईगावचा एक बागायतदार उतार्‍याच्या कामासाठी माझ्या टेबलापाशी उभा होता. मी कागद चाळत होतो आणि तो वेळ घालवायला गावच्या गोष्टी सांगत होता. "आमचा कोपर गेला हो काल," तो म्हणाला. "कावीळ झाली होती. पंधरा दिवसांत आटोपलं." मी हातातला कागद खाली ठेवला आणि कोण कोपर, असं विचारलं. खरं तर विचारायची काही गरज नव्हती. भुईगावात बस्त्याव नावाचे तिघे होते. तिथे एकाच नावाची माणसं फार, म्हणून प्रत्येक घराला एक नाव चिकटवतात आणि ते पुढे पिढ्यान्‌पिढ्या चालतं. एक होता बस्त्याव रहाट, दुसरा बस्त्याव तुतारी आणि तिसरा बस्त्याव कोपर. पहिल्या दोघांची नावं त्यांच्या आजोबांपासून चालत आलेली. तिसर्‍याला ते नाव माझ्यामुळे मिळालं होतं.

दुपारी रजा टाकून मी दफनाला गेलो. चर्चच्या व्हरांड्यात काळा फळा टांगलेला असतो. कोण वारलं ते त्यावर खडूने लिहितात. तिघांपैकी नेमका कोण हे लोकांना कळावं म्हणून लिहिणार्‍याने नावापुढे ‘कोपर’ लिहिलं होतं. त्यात त्याचं काही चुकलं नाही. पण मी त्या फळ्यासमोर बराच वेळ उभा राहिलो आणि मला माझीच लाज वाटली. आज दीड महिना झाला, अजून वाटते.

मी राजोडीचा, तो भुईगावचा. मधे समुद्राकाठचा थोडाच पट्टा. लहानपणी ओहोटी लागली की आम्ही दोघे दोन्हीकडून निघायचो आणि मधे कुठेतरी ओल्या वाळूवर भेटायचो. चिंध्यांचा चेंडू, त्यावर काथ्या गुंडाळलेला. पाण्याने तो इतका जड व्हायचा की लाथ मारली की घोट्यापर्यंत झिणझिण्या यायच्या. ओल्या वाळूवर धावायची एक रीत आहे. पायाची बोटं आत रुतवायची, म्हणजे कुणी कितीही धक्का दिला तरी माणूस हलत नाही. बस्त्याव माझ्यापेक्षा चार बोटं बुटका, पण एकदा बोटं रोवून उभा राहिला की पारावरच्या वडासारखा. त्याला हलवण्यात माझी निम्मी शाळा गेली. हा सगळा आमचा खासगी मामला होता. फुटबॉलच्या संघात अकरा जण असतात, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

पुढे दोघेही मुंबईला कॉलेजात गेलो, पण वेगवेगळ्या. तो आपल्या कॉलेजच्या संघात मागच्या फळीत, मी माझ्या कॉलेजच्या संघात पुढच्या. स्वातंत्र्यानंतरच्या दुसर्‍या पावसाळ्यात कॉलेजांच्या स्पर्धेत आमचे दोन संघ शेवटच्या सामन्याला समोरासमोर आले आणि आमच्या दोन्ही गावांना वेड लागलं. ज्यांनी जन्मात चेंडूला पाय लावला नव्हता, ती माणसं केळीचे घड बाजारात टाकून मैदानावर आली होती. माझ्या दृष्टीने मात्र त्या दिवसाला वेगळंच महत्त्व होतं. एका गिरणीच्या संघाचे साहेब खेळाडू निवडायला येणार होते. निवड झाली की गिरणीत कायमची नोकरी. आणि कुणीतरी माझ्या डोक्यात भरवलं होतं की साहेब अनवाणी खेळाडूकडे ढुंकूनही बघत नाहीत.

तेव्हा आम्ही सगळेच अनवाणी खेळायचो. माझे मामा गोदीत होते. त्यांनी कुठल्याशा खलाशाकडून फुटबॉलच्या बुटांचा एक जोड मिळवून आणला. तो मला दीड बोट मोठा होत होता. मी पुढे चिंध्या कोंबल्या, नाडी आवळली आणि आरशात पाहिलं... एकदम साहेब. मैदानात उतरण्याआधी बस्त्याव माझ्याजवळ आला. त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही, पायांकडे पाहिलं. "वासू, काढ ते," तो म्हणाला. "आपले पाय वाळूचे. बुटात पाय मुका होतो." मी म्हणालो, "का रे, पोटात दुखतंय का तुझ्या?" तो आपल्या संघाकडे निघून गेला. आमच्या मैत्रीतलं हे शेवटचं धड संभाषण, आणि त्यातलं शेवटचं वाक्य हे असं माझं.

आता तो प्रसंग. दुसरा अर्धा भाग, दोन्हीकडे गोल नाही, पाऊस नुकताच थांबलेला. मी दोघांना चुकवून पुढे निघालो. समोर फक्त गोलरक्षक, आणि उजवीकडून बस्त्याव आला. फुटबॉलमध्ये खांद्याला खांदा भिडवून धक्का द्यायला परवानगी आहे. कोपर मारलं तर गुन्हा. तो येतोय हे मला दिसलं आणि लहानपणापासूनच्या सवयीने मी बोटं रुतवायला गेलो. बोटांखाली चिंध्या होत्या. बूट माझ्या पायाबरोबर आला नाही, चिखलावरून आपला वेगळा निघाला, आणि त्याचा खांदा पोचण्याआधीच मी निम्मा खाली आलो होतो. माझ्या खांद्यासाठी निघालेला त्याचा खांदा माझ्या गळ्याशी बसला. हाड मोडल्याचा आवाज मी स्वतः ऐकला. पंचांनी शिट्टी वाजवली नाही. सामना आम्ही हरलो, ते मला दुसर्‍या दिवशी दवाखान्यात कळलं.

मी चिखलात पडलो होतो तेव्हा माझ्या पायातले बूट कुणी काढले, तर बस्त्यावने. डाव्या बुटातून चिंध्यांचा बोळा बाहेर पडला. त्याने तो उचलला, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि खिशात घातला. बूट मामांच्या हातात दिले. त्या बोळ्याविषयी तो कुणाशी एक अक्षर बोलला नाही. ना त्या दिवशी, ना पुढे कधी.

गळ्याखालचं हासळीचं हाड वेडंवाकडं जुळलं. उजवा हात छातीच्या वर जायचा बंद झाला तो आजतागायत. गिरणीची नोकरी गेली. ती मिळाली होती असं नाही, पण गावाच्या हिशेबी मिळालेली होती आणि गेली. आणि दोन्ही गावांत वाद सुरू झाला.

राजोडीत तो दामूच्या सलूनात चालायचा. दामू गिर्‍हाइकाच्या तोंडाला फेस लावून, हातात वस्तरा घेऊन कोपर कसं मारलं ते करून दाखवायचा. गिर्‍हाइकं जीव मुठीत धरून "हो, हो, कोपरच" म्हणायची. भुईगावात चर्चच्या कठड्यावर रविवारी मिस्सा सुटल्यावर खांदापक्षाची बैठक बसायची. एकदा तिथले एक काका राजोडीत बहिणीकडे जेवायला आले. वादाला तोंड फुटलं आणि मेव्हण्याला अंगणात उभा करून त्यांनी खांद्याचा धक्का दाखवला. दोघेही केळीच्या आळ्यात पडले आणि काकांचं बोट मुरगळलं. राजोडीकडचा एक म्हातारा तर शपथेवर सांगायचा, "मी या डोळ्यांनी कोपर बघितलं." त्या दिवशी तो दातदुखीने घरात झोपून होता, हे त्याच्या बायकोसकट सगळ्या गावाला माहीत होतं.

पण राजोडीकडे एक मुद्दा असा होता की त्यापुढे भुईगावची बोलती बंद व्हायची. तो आमच्या शाळेच्या मास्तरांनी काढला होता. बस्त्याव चार बोटं बुटका. मग त्याचा खांदा वासूच्या गळ्याला कसा लागेल? कोपर उचलल्याशिवाय शक्यच नाही. मास्तर भिंतीवर कोळशाने दोन रेघा मारून हे सिद्ध करायचे. खांदापक्ष डोकं खाजवायचा आणि पंचांच्या न वाजलेल्या शिट्टीकडे वळायचा. त्या कोड्याचं उत्तर दोघांनाच ठाऊक होतं. वासू तेव्हा उभाच नव्हता. बूट घालून पडतो कोण? बुटांना तळाशी चिखलात रुतणार्‍या खुंट्या असतात, हे सगळ्यांना माहीत. म्हणून पायांकडे कुणी पाहिलंच नाही.

मी का बोललो नाही? सुरुवातीला राग होता. मग लोक मला जे मानत होते ते सोडवेना. दुसर्‍याने मोडलेला माणूस आणि स्वतःच्या ऐटीत घसरून पडलेला माणूस, यांत फार अंतर आहे. पहिल्याला कचेरीत कारकुनी मिळाली, कारण एका अधिकार्‍याला त्याची दया आली. दुसर्‍याला लोक हसले असते. बस्त्याव दवाखान्यात भेटायला आला तेव्हा मी भिंतीकडे तोंड फिरवलं. आईने त्याला दारातच नको नको ते ऐकवलं. तो उभा राहून सगळं ऐकून गेला. खिशातला बोळा काढून तिच्यासमोर धरला असता तर माझी बाजू तिथेच संपली असती.

त्या वर्षी त्याने खेळणं सोडलं. गिरणीच्या साहेबांनी त्यालाच बोलावलं होतं, तिथेही तो गेला नाही. वडिलांच्या केळीत परत आला. राजोडीत म्हणाले, मन खातंय, म्हणून सोडलं. आणि मग ‘कोपर’ हे नाव निघालं. आधी आमच्या गावात, दामूच्या खुर्चीवर. पुढे भुईगावनेही ते उचललं, कारण तीन बस्त्याव ओळखायला तेवढंच सोयीचं. खांदापक्षाची माणसंसुद्धा त्याला कोपर म्हणूनच हाक मारायची. पोस्टमन पत्रं त्याच नावाने वाटायचा.

गेल्या उन्हाळ्यात तो मला सोपार्‍याच्या बाजारात भेटला. सायकलला दोन्हीकडे केळीच्या टोपल्या. अशा भेटीत आम्ही मान हलवायचो आणि पुढे जायचो. त्या दिवशी तो थांबला. मुलगी शाळेत जायला लागली म्हणाला. मी बरं म्हटलं. मग टोपलीवरचा पाला सारखा करत म्हणाला, "पोरी तिला कोपराची म्हनून चिडवतात. मारामारी करून आली परवा... वासू, पोरीला चिकटतंय रे ते." एवढंच. पुढे काही मागितलं नाही. आणि मी, शहाणा माणूस, म्हणालो, "मोठी झाली की विसरेल." त्याने मान डोलावली आणि सायकल ढकलत निघून गेला. दहा वर्षांत त्याने माझ्याकडे केलेली ती एकच तक्रार, आणि ती मी अशी वाटेला लावली.

दफनानंतरच्या रविवारी मी दामूच्या सलूनात गेलो. पाच-सहा जण होते, मास्तरही होते. मी बूट, चिंध्या, बोळा, सगळं पहिल्यापासून सांगितलं. सांगून झाल्यावर दामू वस्तरा पुसत म्हणाला, "चांगलं केलंस. मेलेल्या माणसाविषयी गोडच बोलावं." मी म्हणालो, अरे गोड नाही, खरं बोलतोय. तेव्हा कोपर्‍यातून एक जण म्हणाला, "मग दहा वर्षं काय तोंडात मिठाची गुळणी धरली होतीस?" शेवटी मास्तर म्हणाले, "वासुदेव, तुझं मन मोठं आहे, ते आम्ही जाणतो. पण चार बोटांचं काय?" मी उभा राहून, घसरून दाखवलं. ते हसले. माझं खोटं दहा वर्षं न बोलता चाललं होतं आणि खरं ओरडून सांगितलं तरी चालत नव्हतं.

मग मी भुईगावला त्याच्या घरी गेलो. राजोडी ते भुईगाव सायकलने कितीसं लांब, पण या दहा वर्षांत मी ते घर पाहिलं नव्हतं. त्याची बायको सिसिल ओटीवर पानांच्या जुड्या बांधत होती. मी नाव सांगायच्या आधीच "या भावोजी, पानी देते," म्हणाली. मी तिलाही सगळं सांगितलं, सलूनात काय झालं तेसुद्धा. तिचे हात थांबले नाहीत. "मला म्हाईत हाय," ती म्हणाली. "लग्न ठरलं तवाच मी इचारलं व्हतं, खरंच मारलं का. बोलला, वासूला सांगायचं असंल तवा तो सांगंल." मी विचारलं, "राग नव्हता त्याला?" ती म्हणाली, "व्हता की. पोरगी रडत आली तवा लय व्हता." मग जुडी बाजूला ठेवून म्हणाली, "तोंडचं कोन ऐकतं भावोजी? लिवा. छापून आलेलं लोक घरात ठेवतात. माझ्या पोरीला वाचता येतंय आता." म्हणून हा लेख. त्या मुलीचं नाव रोझी. ती बस्त्यावची मुलगी आहे. तिच्या बापाने मला खांदा मारला होता, नियमात बसणारा, आणि मी माझ्या बुटांमुळे पडलो. ज्यांना पटत नाही त्यांनी मास्तरांकडे जाऊ नये, माझ्याकडे यावं.

निघताना मी डोक्यावर टोपी घालत होतो, तेव्हा ओटीच्या भिंतीकडे लक्ष गेलं. डोक्याइतक्या उंचीवर तीन खुंट्या ओळीने होत्या, त्यांवर त्याची गवती टोपी, कोयती आणि पिशवी. चौथी खुंटी एकटीच खाली होती, माझ्या छातीच्या जरा खाली. तिच्यावर काही नव्हतं. मी विचारलं, ही रोझीसाठी का? सिसिल म्हणाली, "नाय. घर बांधलं तवा तुमच्यासाठी ठोकलीय. येईल तो कवातरी, त्याचा हात वर जात नाय, बोलला. मी बोलले, त्याला डावा हात हाय की. तर बोलला, मानूस टोपी उजव्या हातानं काढतो." मग सांगितलं की एकदा रोझीने तिथे दप्तर अडकवलं, तर पोरीवर कधी आवाज न चढवणारा माणूस तिच्यावर ओरडला होता.

मी टोपी पुन्हा काढली आणि उजव्या हाताने त्या खुंटीला अडकवली. हात सहज पोचला. सिसिलने चहा ठेवला आणि मी अंधार पडेपर्यंत तिथेच बसून राहिलो.