खो-खोच्या सिस्टर

आमच्याकडच्या मिशनच्या शाळेत खो-खो शिकवणाऱ्या सिस्टर मूळच्या केरळच्या. झगा कमरेला खोचून त्या पोरींबरोबर पळतात आणि रागावल्या तरी पोरींना ‘अहो-जाहो’ करतात. मी चौथी शिकलेली, पण नातीच्या प्रत्येक सामन्याला जाऊन सगळ्यांना खेळ शिकवते.

परवा अंतिम सामन्यात नात शेवटचं मिनिट टिकली की कप आमचाच होता. तेवढ्यात मागून पळणारीचा हात तिच्या पाठीला लागला. पंचांना दिसलं नाही. सिस्टरनीच बाहेरून शिट्टी मारली.

‘हात बराबर लागला. आमची मुलगी बाद!’

कप गेला. मी थेट मैदानात घुसले.

‘सिस्टर, तुमी आमच्या हाव का त्यांच्या?’

‘आज्जी, तुम्ही रेषा पुसून राहिल्या. या, फोटोला बसा.’

‘हरल्यावर कशाचा फोटो?’

‘शाळा निघाली तेव्हापासून दरवर्षी काढतो. जिंकलो, हरलो, दोन्ही.’

मी तणतणत बसले. तो फोटो आता ऑफिसात जुन्या फोटोंच्या रांगेत लागलाय. हरलेल्या पोरी झकास हसतायत. रडकं तोंड एकट्या माझंच आहे, आणि तेही मधोमध.