ठरावाची नक्कल

भीमेच्या एका काठाला शिरूर तालुका, दुसऱ्या काठाला दौंड. आमचं गाव कोणत्या काठाला ते मी सांगणार नाही. ज्यांना कळायचं त्यांना पहिल्या चार ओळींतच कळेल, आणि त्यांच्या पोटात दुखावं म्हणूनच मी लिहायला बसले. निदान सुरुवात तरी त्यासाठीच केली होती.

चौतीस वर्षं मी झेडपीच्या शाळांत शिकवलं. त्यातली पहिली अकरा वस्तीवरच्या शाळेत. वस्ती गावापासून अडीच किलोमीटरवर. तिथल्या लोकांचे आजे-पणजे मेंढरं घेऊन फिरायचे. आता वस्तीवर पक्की घरं आहेत, ऊस आहे. मी रुजू झाले तेव्हा शाळा म्हणजे एकच खोली होती आणि पटावर पोरगी एकही नव्हती. मी घरोघर फिरून पोरी आणल्या. आई अंगठा लावते, तर मुलीनं सही करायचीच, हा माझा हट्ट. आणि सही करायच्या आधी वाचायचं. हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलं असेन, की माझी पाठ वळली की पोरं माझ्याच आवाजात ते म्हणून दाखवायची.

मी निवृत्त झाल्यावर तिसऱ्या वर्षी, ऐन जूनमध्ये, ती शाळा बंद झाली. पट अकराचा होता. आदेशात 'समायोजन' असा शब्द होता. सरकारला काही मोडायचं असलं की ते आधी असा एखादा गुळगुळीत शब्द शोधतं. अकरा पोरांनी आता गावातल्या शाळेत यायचं, अडीच किलोमीटर चालत, ज्या रस्त्यानं हंगामात उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत, गाणी लावून जातात. आदेशाच्या शेवटी लिहिलं होतं की हे सगळं ग्रामसभेच्या ठरावानं आणि पालकांच्या संमतीनं झालं आहे.

दुसऱ्या दिवशी वस्तीवरची एक बाई माझ्या दारात आली. ती माझीच विद्यार्थिनी, मी आणलेल्या शेवटच्या पोरींपैकी. तिची मुलगी तेव्हा दुसरीत गेली होती. ती ओट्यावर बसली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "बाई, आमी कवा हो म्हनलो? आमास्नी कुनी इचारलंबी न्हाई. आमच्या नावानं हो कोन म्हनलं, तेवढं बघून द्या."

तेवढंच तिचं मागणं होतं. पोरीला त्या रस्त्यानं ती पाठवणार नव्हती, आणि संमती खोटी निघाली तर शाळा परत उघडायला लावता येईल, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. मी म्हटलं, त्यात काय, ठरावाची नक्कल मागू. माहितीचा अधिकार आहे.

अधिकार आहे खरा. माहिती कुणाकडे आहे, हा प्रश्न निराळा.

आमच्या गावात ग्रामसभा कशी भरते ते आधी सांगते. झेंडावंदन झालं की चावडीपुढं सतरंजी टाकतात. तिच्यावर सरपंच, ग्रामसेवक, दोन-चार रिकामटेकडे आणि एखादं कुत्रं बसतं. कोरम भरत नाही. मग पुढचे आठ दिवस पंचायतीचे शिपाई, ज्यांना सगळं गाव मामा म्हणतं, ती भली मोठी वही काखेत मारून घरोघर हिंडतात. बागायतदार गोठ्यात सही करतो, दुकानदार तराजूवर वही ठेवून करतो, आणि कशावर केली हे दोघांनाही माहीत नसतं. अशा सह्यांवर आमच्या गावची लोकशाही चालते. लोकांच्या या मेंढरपणाची मला पहिल्यापासून चीड आहे. मेंढरंसुद्धा निदान कुठं चाललोय ते एकदा मान वर करून बघतात.

मी रीतसर जोडपत्र 'अ' भरलं, कोर्ट फी स्टॅम्प लावला, पोच घेतली. ग्रामसेवक तरुण माणूस, बोलायला गोड. अर्ज वाचून त्याचा चेहरा जरा उतरला. वेड पांघरून पेडगावला जायची म्हण सगळा महाराष्ट्र वापरतो, पण पेडगाव आम्हाला जवळच. ग्रामसेवक लगेच पोहोचला. कोणता ठराव, कोणती सभा, दप्तर कुठं, त्याला काही म्हणजे काही आठवेना. मी उठले तेव्हा मात्र तो दारापर्यंत आला आणि हळू आवाजात म्हणाला, "बाई, त्या कागदाच्या मागं नका लागू. तुमालाच तरास व्हईल."

मी ती सरळसरळ धमकी समजले. गावभर तसं सांगितलं. मला धमक्या द्यायला निघालाय, ज्याला अजून ऱ्हस्व-दीर्घ कळत नाही!

तिसाव्या दिवशी उत्तर आलं. कलम आठ, एक, ञ अन्वये माहिती नाकारण्यात येत आहे, कारण ठरावावर ग्रामस्थांच्या सह्या असून ती त्यांची वैयक्तिक बाब आहे. चौतीस वर्षं मी पोरांना ञ गिरवायला लावला आणि त्याचा शब्द कोणता, असं कुणी विचारलं की गप्प बसवलं. शेवटी त्या अक्षराचा उपयोग ग्रामसेवकाला सापडला. मी ते पत्र लाल शाईनं तपासलं, सात चुका काढल्या, आणि झेरॉक्स पहिल्या अपिलाला जोडली.

पहिलं अपील तालुक्याला, ग्रामसेवकाच्याच साहेबांकडे. सुनेनं छळलं म्हणून तिच्या आईकडे दाद मागावी, त्यातलाच हा प्रकार. साहेबांच्या टेबलावर काचेखाली देवांचे फोटो होते. माझं बोलणं चालू असताना ते मोबाइलवर कुणाला तरी लग्नाची तारीख सांगत होते. निकाल आला तो ग्रामसेवकाच्या पत्राचाच, अक्षरशः तोच. मी काढलेल्या सात चुकांपैकी सातही जागच्या जागी होत्या. म्हणजे साहेबांनी माझी लाल शाई नीट बघितलीसुद्धा नव्हती.

मग दुसरं अपील, माहिती आयोगाकडे. हे लोक पंचायतीचे नाहीत आणि तालुक्याचेही नाहीत, एवढाच मला धीर होता. अर्जात मी ग्रामसेवकाची 'धमकी' जशीच्या तशी घातली. पुढं वाट बघणं. एक हंगाम गेला, दुसरा आला. वस्तीवरच्या शाळेच्या खोलीत कुणीतरी ठिबकच्या नळ्या भरून कुलूप लावलं. वस्तीवरची ती आई अधूनमधून यायची, ओट्यावर बसायची, काही विचारायची नाही. तिची मुलगी ऊसतोड सुरू झाली की घरी बसायची, तोड संपली की चार दिवस यायची. परीक्षेला तिला बसवत होते, वर ढकलत होते. हजेरीपटावर ती चौथीत गेली. वाचायला दुसरीतच राहिली. मला त्या पोरीकडे बघवायचं नाही, आणि तिच्याकडे बघितलं की ग्रामपंचायतीचा राग दुप्पट व्हायचा.

सुनावणीची नोटीस आली तेव्हा आम्ही दोघी यवतवरून एसटीनं पुण्याला गेलो. ती पहिल्यांदाच अशा ठिकाणी येत होती. लग्नात नेसायची साडी नेसली होती. ग्रामसेवक आमच्या आधी पोहोचला होता आणि बाकावर फाइल मांडीवर घेऊन बसला होता. आम्हाला बघून उठून उभा राहिला.

आयुक्तांनी फाइल वाचली होती. हे मी मुद्दाम लिहिते, कारण एवढ्या प्रवासात कागद वाचलेला हा पहिलाच माणूस. त्यांनी ग्रामसेवकाला विचारलं, ग्रामसभा कुठं भरते. तो म्हणाला, चावडीपुढं. उघड्यावर? व्हय साहेब. कुणालाही येता येतं? व्हय. "मग सगळ्या गावासमोर उघड्यावर झालेली गोष्ट गुपित कशी झाली, ते मला समजावून सांगा," आयुक्त म्हणाले. ग्रामसेवकानं माझ्याकडे बघितलं. आयुक्तांकडे बघायचं सोडून माझ्याकडे का बघतो, हे मला कळलं नाही.

तो पुटपुटला, सह्या लोकांनी राजीखुशीनं केल्या आहेत. तेव्हा मला राहवलं नाही. मी उभी राहिले. म्हटलं, साहेब, आमच्या गावात वही दारात येते आणि माणसं न वाचता सही करतात. ज्यांना लिहिता-वाचता येतं तेच हे करतात, याची मला शरम वाटते. मी आयुष्यात न वाचता कुठं सही केलेली नाही. आयुक्त जरासे हसले. माझी विद्यार्थिनी मागच्या खुर्चीत ताठ बसली होती. बाई साहेबापुढं बोलल्या, याचा अभिमान तिच्या तोंडावर दिसत होता. आदेश झाला: ठराव आणि सह्यांची पानं पंधरा दिवसांत साक्षांकित करून द्यावीत. येताना आम्ही यवतला उतरून चहा प्यायलो आणि मी ग्रामसेवकाचं बोलणं चारदा करून दाखवलं.

चौदाव्या दिवशी मामा लखोटा घेऊन आले. नेहमी चहाला थांबतात, त्या दिवशी थांबले नाहीत. मी लखोटा फोडला नाही. ज्यांचा आहे त्यांच्यासमोर फोडायचा, असं ठरवलं होतं. तशीच रिक्षा करून वस्तीवर गेले. बंद शाळेच्या पायरीवर आम्ही बसलो, मध्ये कागद, शेजारी तिची मुलगी.

ठराव सहा ओळींचा होता, सव्वीस जानेवारीच्या सभेचा. खाली नावं आणि सह्या. वस्तीवरच्या सगळ्या पालकांची नावं एका हाताची, आणि प्रत्येकापुढं अंगठा. मी शिकवलेल्या बायकांपुढं अंगठे! सगळे एकाच माणसाचे असावेत इतके सारखे. मी हसलेच. म्हटलं, बघ गाढवांची अक्कल, खोटं करायचं तर सही तरी शिकून घ्यायची. आता यांना सोडत नाही. मी बोलत राहिले. ती बोट ठेवून एकेक नाव वाचत खाली चालली होती, मीच तिला शिकवलं होतं तसं, ओळ न सोडता. दुसऱ्या पानावर तिचं बोट थांबलं.

"बाई, ही तुमची सही न्हाई का? माझ्या प्रगतिपुस्तकावर हुती, मला वळखू येती."

माझीच होती. सहीच्या शेजारी झेरॉक्समध्ये करडा डाग आला होता, आणि तो डाग बघितल्यावर मला सगळं आठवलं. हळदीकुंकवासाठी मी तिळाचे लाडू वळत होते. मामा दारात आले, कोरम भरंना म्हणाले. पाक गार होत होता. गार झाला की लाडू वळत नाहीत. मी तुपाच्या हातानंच पेन धरलं, एक लाडू मामांच्या हातावर ठेवला आणि परत आत पळाले. पान तेव्हा कोरं होतं, ठराव नंतर लिहिला. मी तिला तसं सांगायला लागले, की अगं, वाचायला तिथं काही नव्हतंच.

"कोऱ्यावर तर मुळीच करायची न्हाई, आसं तुमीच म्हनायचा," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. तिनं कागदाची घडी घातली. "आमचं अंगठं खोटं हायेत बाई. तुमची सही तेवढी खरी हाय."

ग्रामसेवकाची ती 'धमकी' मला त्या पायरीवर कळली. दोन वर्षं तो स्वतःची कातडी वाचवत होता, यात शंका नाही. पण थोडीशी माझीही. दुसऱ्याच्या डोळ्यातल्या कुसळाची म्हण मी पोरांकडून दहा-दहा वेळा लिहून घेतली आहे. गावातली सगळी मेंढरं मी मोजली होती, एक सोडून. लाज वाटली, हे स्वच्छ लिहून टाकते. आणि ती ग्रामसेवकाची नव्हे, सरपंचाची नव्हे, त्या पोरीची वाटली.

आठवड्यानं मी जिल्ह्याला द्यायचा अर्ज लिहून परत वस्तीवर गेले. ठराव खोटा आहे, रद्द करावा. पुरावा म्हणून पहिलंच वाक्य: मी त्या सभेला हजर नव्हते आणि कोऱ्या पानावर सही मी केली आहे. शाळेच्या त्याच पायरीवर बसलेल्या त्या आईला म्हटलं, एकदा नजर घाल, मग सही करते. तिनं अर्ज घेतला, पण स्वतः वाचला नाही. मुलीच्या हातात दिला.

"हिला वाचू द्या आधी. मंग करा सही."

पोरीनं बोट ठेवलं. मी... त्या... स, भे, ला. 'हजर'वर ती अडली, मागं गेली, पुन्हा सुरुवात केली. 'कोऱ्या'तला ऱ्या तिला काही केल्या जमेना. मी सांगणार होते, पण आईनं माझ्याकडे बघितलं. अर्ज एका पानाचा होता. तिचं वाचून होईपर्यंत मी पेन हातात धरून पायरीपाशी उभी राहिले.