सळईला पाणी

फोनवर वहिनींचं नाव दिसलं तेव्हा मी निर्धास्त होतो. आम्हा सगळ्यांनी मनात धरूनच ठेवलं होतं, की वाईट बातमी आली तर ती अप्पाच्या फोनवरून येणार आणि वहिनींची असणार. फुप्फुसं वहिनींची खराब, नाकात नळी त्यांच्या, दिवसरात्र ऑक्सिजनचं मशीन त्यांच्या उशाशी. अप्पाला साधी सर्दी झालेली कुणाला आठवत नव्हती. "भाऊजी, हे गेले," वहिनी म्हणाल्या. "चहा घेतला, पेपर मागितला, अन् गेले." मागे मशीन नेहमीसारखं सुस्कारे टाकत होतं. मी विचारलं, "लाईट आहे ना तिकडे?" मित्र गेल्याचं ऐकून कुणी असं विचारतं का? पण अप्पाच्या संगतीत उभा जन्म काढलेल्या माणसाच्या तोंडून दुसरं काय निघणार होतं? वहिनींनाही त्यात वावगं वाटलं नाही. "हाय," त्या म्हणाल्या.

मातीला आम्ही उदगीरला गेलो. त्यांच्या लिंगायत रीतीप्रमाणे अप्पाला विभूती लावून मांडी घालून बसवलं होतं. कचेरीत बसायचा तसाच ताठ बसला होता.

आमची ओळख कचेरीतलीच. लातूर नवा जिल्हा झाला आणि कुठून कुठून माणसं गोळा करून नव्या कचेऱ्या उभ्या राहिल्या. मी लोह्याहून आलो, अप्पा उदगीरहून. टेबलं यायची होती, म्हणून आम्ही दोघं एकाच खोक्यावर कागद ठेवून लिहायचो. पहिल्याच दिवशी त्यानं "जय भीम, वाघमारे" म्हटलं, आणि मी "शरणार्थी, अप्पा" म्हटलं. तेव्हापासून शेवटपर्यंत तो माझा नमस्कार मला करायचा आणि मी त्याचा त्याला. त्या कचेरीच्या उद्घाटनाला मंडपवाल्यानं रोषणाईची तार कुठं जोडली देव जाणे, पाहुण्यांचं भाषण सुरू झालं आणि आतले सगळे पंखे जळाले. खोलीभर जळका वास. आम्ही बाकीचे हसलो आणि विसरलो. अप्पानं मात्र विजेचं भय घेतलं ते कायमचं. घरी जाताना तो आमच्या टेबलांवरचे पंखेसुद्धा बंद करत फिरायचा, आणि मला ते अजिबात खपायचं नाही. "तुझ्या बापाचा पंखा आहे का?" असं मी त्याला विचारल्याचं आठवतं. तो "सरकारचा हाय, म्हणूनच" म्हणायचा आणि बटण दाबायचा.

निवृत्तीनंतर वहिनींचा आजार वाढला आणि मशीन घरी आलं. एके दिवशी गल्लीतल्या खांबावर न्यूट्रलची तार तुटली, घराघरांत विजेचा भलताच दाब शिरला आणि मशीनमधून धूर निघाला. हाताशी एक छोटं सिलिंडर होतं म्हणून वहिनी वाचल्या. दुसरं मशीन येईपर्यंत अप्पा त्या सिलिंडरच्या काट्याकडे बघत बसला होता. इतकं घाबरलेलं मी त्याला आधी कधी पाहिलं नव्हतं. आणि नेमकं त्यानंतर काही दिवसांनी वहिनींनी विचारलं, "मी ह्याच खोलीत मरायचं का? देगलूरच्या बहिणीला एकदा बघू द्या की." दुसरा नवरा असता तर बहिणीला लातूरला बोलावून मोकळा झाला असता. अप्पानं एक जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली, सीटा काढल्या, आत पलंग, शेगडी, पाण्याची टाकी, इन्व्हर्टर बसवला, आणि जिथं मुक्काम तिथल्या घरातून वायर ओढून घ्यायची अशी सोय केली. म्हातारपणी बुद्धी फिरली, असं मी त्याच्या तोंडावर म्हणालो. "फिरू दे," तो म्हणाला, "गाडीबी फिरंल."

त्या गाडीत सर्ज प्रोटेक्टर बसवला तेव्हा मी मुद्दाम लातूरला गेलो होतो, निवृत्तीनंतर मी नांदेडला राहायला आलोय. वस्तू म्हणाल तर तळहाताएवढी डबी. बाहेरची वायर गाडीत शिरते तिथंच, सगळ्याच्या आधी ती बसवायची. लाईनमध्ये झटका आला की ही डबी तो अंगावर घेते आणि जमिनीत सोडून देते. मागचं मशीन वाचतं. गाडी रबराच्या चाकांवर उभी, म्हणून डबीची हिरवी तार जमिनीत ठोकलेल्या लोखंडी सळईला बांधायची. वायरमननं अंगणात खड्डा घेतला, मीठ-कोळसा घातला, सळई ठोकली आणि फेज आणि सळई यांच्यामध्ये बल्ब लावून बघितला. बल्ब विझत आलेल्या निखाऱ्यासारखा मिणमिणला. जमीनच कोरडी ठणठणीत, झटका जाणार कुठं? पाणी घाला, वायरमन म्हणाला, रोज घालावं लागेल.

पाणी! लातूरला आगगाडीनं पाणी आणायची पाळी आली तो उन्हाळा होता. टँकर आला की बायका घागरी घेऊन धावायच्या आणि नंबरावरून सख्ख्या जावा एकमेकींचं तोंड बघायच्या नाहीत. अशा दिवसांत अप्पा उठला, घरातली घागर घेऊन आला आणि सगळ्यांच्या देखत त्या खड्ड्यात ओतली. बल्ब हळूहळू उजळला. भिंतीपलीकडे रझियाभाभी राहतात. त्यांनी ते बघितलं, आणि इतक्या वर्षांचा शेजार बाजूला ठेवून बोलल्या, "अप्पा, लोगां पानी कू तरसरे, अन् तुम मिट्टी कू पिलारे?"

खरं सांगतो, मलाही तेच वाटलं होतं. अप्पा खाली बघत म्हणाला, "माझ्या आंघोळीचं हाय, भाभी. मी आंघोळ सोडलीय. हिचं मशीन ह्याच्यावर हाय."

भाभी आत निघून गेल्या. अप्पानं त्यानंतर अख्खा उन्हाळा ओल्या फडक्यानं अंग पुसून काढला. त्याच्याजवळ बसलं की कळायचं, आणि मी ते बोलूनही दाखवायचो. घरातली वायरिंग जुनी, म्हणून लातुरात असतानाही मशीन गाडीतच ठेवायचे आणि वहिनी तिथंच झोपायच्या. त्यांनी मला एकदा सांगितलं, सळईजवळ तांदूळ धुतलेलं पाणी दिसतं, पण आमच्या घरात तर आज भाकरी आहे. भाभींनी त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही.

मग निघाली स्वारी. पहिला मुक्काम माझ्याकडे नांदेडला. अप्पा गाडीतून उतरला तो हातोडा घेऊनच. जय भीम झालं, आणि लगेच, "सळई कुठं ठोकू?" माझ्या कुंपणाशी ठोकली, ती अजून तिथंच आहे. पुढे देगलूरला मेहुणीच्या दारात यानं खड्डा घेऊन मीठ टाकलं, कोळसा टाकला, लोखंड ठोकलं, वरून पाणी ओतलं… मीठ, कोळसा, लोखंड! गल्लीत बोभाटा झाला, लातूरचा पाहुणा भानामती करून राहिला. मेहुणीची सासू उंबऱ्याच्या बाहेर यायला तयार होईना. वहिनींना हसू आवरेना आणि हसताना दम लागला, म्हणून अप्पा त्यांच्यावरच चिडला. त्यांना मोकळं हसताना मी कितीतरी वर्षांनी ऐकत होतो. मी बरोबर गेलो होतो याचं आज समाधान वाटतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी देगलूरच्या त्या गल्लीत डीपीवर काहीतरी तुटलं. मेहुणीचा टीव्ही गेला, शेजारचे पंखे गेले. गाडीत एक चट् असा आवाज झाला आणि डबीचा हिरवा दिवा विझला. मशीन लगेच इन्व्हर्टरवर गेलं, एका सुस्काऱ्याचाही खंड पडला नाही. अप्पा गाडीच्या पायरीवर मटकन बसला आणि रडला. मला म्हणाला, "वाघमारे, पंखे जळाले तवा तुम्ही हसलात." मी म्हणालो, हसलो होतो. सासूबाईंनी त्या दिवशी संध्याकाळी स्वतः तांब्या आणून खड्ड्यात पाणी घातलं. भानामती आपल्या बाजूची आहे असं त्यांनी ठरवलं असावं.

मागच्या आठवड्यात लातूरला जाऊन आलो. गाडी अंगणात उभी आहे, चाकांतली हवा कमी झालीय. तिच्यात नवी डबी आहे आणि वहिनी आहेत. त्यांच्या मुलीनं पुण्याला चला म्हणून खूप आग्रह केला, त्या गेल्या नाहीत. अप्पाचा हातोडा पायरीखाली होता तिथंच आहे. बोलता बोलता वहिनी म्हणाल्या, "हे गेले त्या दिवशी मला आधी काय आठवलं, सांगू? सळईला पाणी कोण घालंल. नवरा गेला, अन् मला पाण्याची चिंता… माझी नळी पायरीपतोरच पोचती, भाऊजी." मग म्हणाल्या, "बघा बरं, माती ओली हाय का."

मी उठलो. अप्पाशिवाय त्या अंगणात उभं राहायला नको वाटत होतं, खोटं कशाला बोलू. खड्ड्याजवळ बसून बोट घातलं. माती पार खालपर्यंत ओली होती, आणि वर तांदळाचे दोन-चार पांढरे दाणे पडले होते. भिंतीपलीकडे भांडी वाजत होती.

"ओली आहे, वहिनी," मी म्हणालो.