अमेरिकेतल्या मैदानाचं नाव

मी आणि माझ्या मित्रानं जन्मात गोल्फचा चेंडू हातात धरला नव्हता. तरी परभणीच्या शेतकी कॉलेजात नोकरीला असताना आम्ही संध्याकाळी कँटीनमध्ये बसून अमेरिकेतल्या जुन्या गोल्फच्या मैदानांवरून भांडायचो. आणि भांडायचो ते असं, की कँटीनवाला म्हणायचा, "सर, हळू बोला, लोकांला वाटंल रानाची वाटणी चाललीय."

खूळ लागलं ते एका पुस्तकापायी. कधीकाळी कॉलेजात येऊन गेलेला एक अमेरिकन तज्ज्ञ ते मागं सोडून गेला होता. जाडजूड, कडेनं वाळवीनं खाल्लेलं, आत त्यांच्याकडची सुरुवातीची मैदानं कुणी कशी आखली त्याचे फोटो आणि नकाशे. हिरवळीचा तास माझ्याकडं होता, म्हणून पुस्तक माझ्या गळ्यात पडलं. मित्र बांधबंदिस्ती शिकवायचा. जमिनीचा उतार दिसला की गड्याच्या अंगातच यायचं.

आम्ही दोघं एकाच गावचे. बोरीला एसटीतून उतरून पुढं पायी जावं लागायचं असं गाव. तो पाटलाचा मुलगा, मी बौद्धवाड्यातला. माझी आई त्याच्या वडिलांच्या, म्हणजे आबांच्या, रानात हरळी खणायला जायची. काळ्या रानातली हरळी काय छळ असतो ते कुदळ धरणाऱ्यालाच माहीत. एक कांडी राहिली तरी पुन्हा सगळं रान धरते. आईला मी सांगितलं, की अमेरिकेत दक्षिणेकडं हीच हरळी मुद्दाम लावतात, पाणी पाजतात आणि तिच्यावर चेंडू खेळतात. तिनं हसता हसता पदर तोंडात कोंबला. "आगं बया! येडी हायेत का रं ती? मला बोलवा म्हणावं, समदी खणून देते."

आमचं भांडण अडलं होतं ते समुद्राकाठच्या एका मैदानावर. पहिल्यांदा ते स्कॉटलंडहून आलेल्या एका माणसानं आखलं. आखलं म्हणजे काय, तर पठ्ठ्या दुपारभर चालला, खुंट्या ठोकल्या, चेंडू अडवायला आडवे सरळ चर खणायला लावले, हिरवळी पाटासारख्या चौकोनी करवून घेतल्या आणि गेला पुढच्या गावाला. काही वर्षांनी दुसरा एक आला आणि जन्मभर तिथंच राबला. त्यानं ते चर बुजवले, जमीन जशी वर-खाली होती तशी हिरवळ वळवली, वाळूचे खड्डे अशा जागी ठेवले की खेळणाऱ्यानं डोकं चालवावं. लोक लांबून बघायला यायचे ते या दुसऱ्याचं काम. मैदानाला नाव मात्र पहिल्याचं. पुस्तकातही वाद हाच होता.

मित्र म्हणायचा, "पहिल्यानं आखलं, त्याचं नाव. लोकांच्या तोंडात बसलेलं नाव कशाला बदलायचं? नाव बदलून गवत काय जास्त हिरवं होणार हाय का?"

"आणि ज्यानं जन्म घातला त्या मातीत, त्याचं काय?" मी टेबलावर हात आपटायचो. "नावानं काहीच होत न्हाई म्हणतोस, तर मंग देताना तुझ्या पोटात का दुखायलंय?"

"लय तापतोस राव तू. गोल्फवरच बोलायलोत ना आपण?"

"गोल्फवरच बोलायलोय मी."

तेव्हा विद्यापीठाच्या नामांतरावरून सगळा मराठवाडा धुमसत होता. कॉलेजात त्याबद्दल उघड कुणी बोलायचं नाही. आम्ही दोघांनीही तो विषय कधी काढला नाही. अमेरिकेतल्या मैदानावर काय ते बोलून घ्यायचो.

एकदा तर वसतिगृहामागच्या पडीक तुकड्यात आम्ही स्वतः खणलं. त्यानं पहिल्या माणसासारखा सरळ चर काढला, मी दुसऱ्यासारखा उतरता खड्डा करून त्यात दुधना नदीची वाळू भरली. कुणाचं टिकतं ते बघायचं होतं. दोघं शेतकीचे मास्तर, आणि काळी जमीन पाण्यानं फुगते हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही! पावसाळ्यात चर मिटला, वाळू चिखलात गडप झाली, आणि तिथं एक म्हैस बसलेली आम्हाला सापडली. इतके हसलो, की तो माझ्या खांद्यावर डोकं टेकून हसत होता.

मग खेड्यापाड्यांतून वाईट बातम्या यायला लागल्या. आमच्या गावातही कुजबुज सुरू झाली. मी आईला आणायला गेलो, तर ती म्हणाली, "माझं घर हाय ह्ये. तुझ्या बापानं बांधलंय. मी कुठं जाऊ?" हाता-पाया पडलो, ऐकलं नाही.

परत आलो तो थेट मित्राकडं. म्हणालो, "तुझ्या आबांना एक शब्द टाकायला सांग. पारावर बसून त्यांनी नुसतं म्हणावं, बौद्धवाड्याला हात लावायचा न्हाई. मंग कुणाची टाप हाय?"

तो माझ्याकडून नेलेल्या पुस्तकाची पानं चाळत राहिला. "आबा माझं ऐकत न्हाईत रे."

"सांगून तर बघ."

"बघू. गावाकडं गेलो की बोलतो."

गेला नाही. मी पुन्हा विचारलं, तर त्यानं पुस्तक उघडलं आणि चौकोनी हिरवळीचा कुठला तरी नकाशा माझ्यापुढं सरकवला. मला वाटलं, तेच पुस्तक याच्या टाळक्यात घालावं. पण करणार काय? त्याच्या एका शब्दावर माझी आई होती, आणि शब्द काही माझ्या तोंडातला नव्हता. पोलिसांत जाऊन आलो, तिथंही "बघू"च. दिवसभर वर्गात हिरवळ शिकवायचो आणि जीव गावाकडं टांगलेला.

आई आली ती एका सकाळी, एसटीनं, काखेत एक गाठोडं घेऊन. लुगड्याला धुराचा वास येत होता. मी विचारायच्या आधीच म्हणाली, "न्हाई राहिलं रं, बाबा."

संध्याकाळी मित्र खोलीवर आला. दारातच उभा राहिला, पुस्तक छातीशी धरून. घर जळालेलं असतानाही आईनं पदर सावरला आणि म्हणाली, "या, बसा धाकलं मालक." तो बसला नाही. आईकडं त्यानं बघितलंही नाही. माझ्याकडं बघत, अडखळत म्हणाला, "मी लय इचार केला. तुझंच बरोबर होतं. त्या मैदानाला दुसऱ्याचंच नाव पाहिजे." त्याचे डोळे भरले होते. पुस्तक उंबऱ्यावर ठेवलं आणि तो गेला.

इतके महिने घसा फोडून मी जे म्हणत होतो, ते त्यानं कबूल केलं होतं. मला त्याची चीड आली, कीव आली, आणि हाक मारून त्याला थांबवावं असंही वाटलं. मी वाकून उंबऱ्यावरचं पुस्तक तेवढं उचललं.

"काय म्हणत हुता रं पाटलाचा?" आईनं विचारलं.

"अमेरिकेतल्या त्या मैदानाचं म्हणत होता."

"त्या हरळीच्या?"

"व्हय."

ती गाठोड्याची गाठ सोडत होती. हात थांबवून म्हणाली, "आन् आपल्या घराचं?"