पंचविसावं नाव

जैबुनबीचा विषय निघाला की मी गुमान उठून जातो. आज उठत नाही. लाज वाटते, तरी सांगतो.

साल एकसष्टचं. नेरपासून दोन कोसावरच्या खेड्यात मी शाळामास्तर होतो. जैबुनबी गावची शिंपीण, चाळिशीतली विधवा. जवळ एक हातमशीन. नवऱ्यामागे दोन पोरी तिनं त्या मशिनीवरच मोठ्या केल्या. बाईची कात्री अशी चाले की पाहत राहावं, बाप्पा! बापानं लहानपणी उर्दू शिकवलेली, गिऱ्हाइकाची मापं ती उर्दूत लिहून ठेवे. मराठी तेवढी वाचता येत नव्हती.

एक दिवस तीच माह्याकडे आली. "गुरुजी, सरकार बायांच्या वर्गाले अनुदान देते म्हणतात. मशिनीबी देते. तुम्ही अर्ज लिहा, शिकवीन मी. कापूस वेचून वेचून पोरींच्या बोटांची सालं निघाली, हाताले काही हुन्नर तर येईन."

कल्पना तिची, ओसरी तिची, बायाही तिनंच जमवल्या. मले फक्त लिहायचं होतं.

अट अशी होती की लिहिणं-वाचणं न् शिवण दोन्ही शिकवायचं, न् पंचवीस निरक्षर बायांची यादी जोडायची, नावापुढे अंगठा. अक्षरं मी शिकवायची, शिवण तिनं, असं ठरलं. लालीबाई, हंसाबाई करता करता चोवीस झाल्या. दुसऱ्या दिवशी शेवटची तारीख. पंचविसावी आणू कुठून? मले भलती अक्कल सुचली. म्हटलं, "जैबुनबी, तूच लाव अंगठा."

"काहून? मले सही येते ना, गुरुजी."

"उर्दूत येते. मराठीत तू निरक्षरच. कागद भरायपुरतं हाये हो, कोण पाहते!"

ती शाईच्या डबीकडे पाहत राह्यली. "तुम्ही शिकले-सवरलेले. म्हणता तर लावते," म्हणाली न् लावला. मग किती वेळ पदरानं अंगठा पुसत बसली.

असा मी हुशार! वर निदेशिका, म्हणजे शिकवणारी, म्हणून तिचं नाव, खाली यादीत पंचविसावं नावही तिचंच. एकाच अर्जात! नेरले ब्लॉकच्या ऑफिसात साहेबांनं दोन्ही नावं वाचली न् विचारलं, "मास्तर, निरक्षर बाई शिकवणार कशी?"

तवाच सांगायचं होतं, की साहेब, बाई शिकलेली हाये, अंगठा मी लावायले लावला. तोंड उघडलं नाही. खोटी यादी केली म्हणून नोकरीवर आलं तर? साहेब म्हणाले, "दुसरं कोणी आहे का?" माह्या तोंडातून बायकोचं नाव निघालं. कोकिळा, सातवी पास. शिवण म्हणाल तर गुंडी लावता येते, तीही वाकडी.

जैबुनबीले सांगतलं तवा ती पोलक्याचे टाके उसवून राह्यली होती. "म्हणजे मी शिकायले बसू?"

"बसावं लागन. हजेरी नाही भरली तर वर्ग बंद होते."

बसली हो ती! आपल्याच ओसरीत, शेवटच्या ओळीत, पाटी घेऊन. कापड कापायची वेळ आली की साऱ्या बाया तिच्याभोवती. साहेब आले की ती कात्री कोकिळाच्या हातात देऊन मागे सरके. मले एका शब्दानं बोलली नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मराठी मात्र ती दोन महिन्यांत वाचायले लागली. सालाखेरीस साहेबांनं तिले साक्षर झाल्याचा दाखला दिला. तो घेऊन ती शाळेत आली, चेहरा खुललेला. "गुरुजी, आता तर कागदावरही मी शिकलेली. औंदाच्या अर्जात शिकवणारी म्हणून माहं नाव टाका."

"टाकतो ना! टाकणार नाही तर काय!" मी म्हटलं.

घरी कोकिळा फणफणली. "साऱ्या गावच्या बाया मले बाई म्हणतात. न् आता मी त्या शिंपिणीले बाई म्हणू?" चार दिवस भांडी आदळली. पाचव्या दिवशी मी अर्ज लिहायले बसलो न् नाव कोकिळाचंच टाकलं. पुढच्या खेपी पाहू, असं मनाले समजावलं.

नव्या बायांचे अंगठे घ्यायले जैबुनबीच्याच ओसरीत जावं लागलं. कागद खाली ठेवला तशी ती म्हणाली, "द्या, वाचते मी." गेल्या सालचा अर्ज तिनं माह्या भरवशावर सोडला होता. हा तिनं ओळीखाली बोट फिरवत, ओठ हलवत, सावकाश वाचला. निदेशिकेच्या नावापाशी बोट थांबलं. ते नाव तिनं पुन्हा एकदा वाचलं.

मग कागद माह्या हातात देऊन म्हणाली, "बरोबर वाचता येते आता मले, गुरुजी. तुमचे उपकार हायेत."

मी खालमानेनं बाकीच्या बायांचे अंगठे घेतले, अर्जाची घडी केली न् दुपारच्या मोटारीनं नेरले जाऊन देऊन आलो.